इत्यादी

ऐयुन गेल्यावर बंदर-कचेरीतलं ते यंत्र माझ्याकडे आलं,
न धुतलेल्या कपासारखं.
क्लाक्सविकला नोव्हेंबरात साडेतीनला दिवे लागतात.
मी कोट न काढताच बसले.

सगळं महत्त्वाचं एकाच कप्प्यात आहे,
आणि त्या कप्प्याचं नाव इत्यादी.
कुणीतरी कधीकाळी उरलंसुरलं टाकायला केला असेल,
मग हळूहळू घरच तिथे राहायला आलं.

पहिली फाइल. नाव पासवर्ड, आत पासवर्ड एकही नाही;
ते केव्हाच सावलीत नेऊन ठेवले,
जिथे रूटशिवाय कुणी डोकावत नाही.
इथे नुसती माणसं, एका ओळीत एक,
रकाना संपला की विसर्ग:
नाव: फुली: आकडा: आकडा:
ऐयुन ब्यर्ग, वरची खोली, खिडकीजवळ:
त्याचं घर:
आणि शेवटी, आत आल्यावर कोणतं शेल उघडायचं ते.
तेवढं शेवटचं मी बदललं. प्रवेश नाही.
ओळ ठेवली.
ओळ पुसली की फाइली मालकाचं नाव विसरतात,
विचारलं तर सांगतात,
आम्ही एक हजार एकच्या.

होस्ट्समध्ये सगळे पक्षी.
लुंडी, त्यालदुर, हाव्हेस्तुर.
त्यातले दोन भंगारात जाऊन सहा वर्षं झाली,
पत्ते अजून राखून आहेत.
सगळ्यात वर तो पत्ता, जिथून यंत्र स्वतःलाच हाक मारतं
आणि स्वतःच ओ देतं.
रात्रपाळीत मीही असं करते.

आत येणाऱ्याला पहिला दिसणारा निरोप, त्याच्या हातचा:
‘दार आधी ढकला, मग ओढा.’
आठवडाभर मी त्या दाराशी कुस्ती खेळले होते.

मग क्रॉनची फाइल.
चाळीस, चार, आणि पुढे तीन तारे.
कुठलाही दिवस, कुठलाही महिना, कुठलाही वार.
ताऱ्यांपुढे नाव: ऐयुन.
म्हणजे प्रवेश बंद केलेला माणूस
रोज पहाटे चार चाळीसला कामावर येत होता.
काय करत होता, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी ओळीच्या आधी एक चिन्ह घातलं.
दोन उभ्या, दोन आडव्या,
आमच्याकडे घराशेजारी मेंढीचं मांस टांगतात
त्या खोलीच्या फळ्यांसारखं,
फटींतून वारा जाणारं.
टाकून दिलं नाही, खाल्लंही नाही,
टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दार आधी ढकललं गेलं, मग ओढलं.
हानुस. बुटांना खवले, बाहीला डिझेल.
‘आज कागद आला नाही.’
कुठला कागद?
‘शेडमधल्या प्रिंटरवर येतो तो.
सामुद्रधुनीत ओढ पूर्वेला कधी, पश्चिमेला कधी.’
म्हटलं, ते सगळं आता फोनवर असतं.
‘फोन खिशात,’ तो म्हणाला, ‘हात दोरीवर.
कागद मी चाकाशेजारी चिकटवतो.’
मग टोपी काढली, बहुधा माझ्यासाठी नाही,
‘एकदा धुक्यात अडकलो होतो. तेव्हापासून तो पाठवतो.’
पाठवायचा, असं मी म्हणणार होते.

एक कळ. चिन्ह गेलं.
ओळीच्या वर मात्र तेच चिन्ह नव्याने घातलं
आणि पुढे लिहिलं: हानुससाठी. रान्वाला विचारल्याशिवाय हात लावू नये.
यंत्र अशा ओळी वाचत नाही,
चिन्ह दिसताच पुढे सरकतं.

त्या रात्री मुद्दाम थांबले.
चारला कॉफी संपली. चार पस्तीसला पाऊस आडवा झाला.
चार चाळीसला काहीच झालं नाही,
फक्त डिस्कवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला
आणि खाली शेडमध्ये
प्रिंटर खाकरला.